उठत नाहीं आणि उठवत नाहीं

मराठी व्याकरणांत शक्य क्रियापद म्हणून एक प्रकार आहे. ‘तो चालतो’ आणि ‘त्याला चालवतें’ या दोन वाक्यांतील भेद आम्हीं बत्तीस वर्षें मुलांस फळ्यावर लिहून समजावून दिला. पहिल्या वाक्यांत कर्त्याची क्रिया सांगितली आहे. दुसऱ्यांत त्या क्रियेचें सामर्थ्य त्याच्या ठायीं आहे, हें सांगितलें आहे. ‘मी उठत नाहीं’ असें म्हणणारा कदाचित् आळशी असेल, हट्टी असेल; परंतु ‘मला उठवत नाहीं’ असें जो म्हणतो त्याच्या अंगीं त्या घटकेस उठण्याचें बळ नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेंत हा प्रश्न दोन गुणांस असे, आणि बहुतेक मुलें ते दोन गुण मिळवीत.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत एके सकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं अंथरुणांतूनच आम्हांस सांगितलें, “आज मला उठवत नाहीं.” आम्हीं उत्तर दिलें, “उठत नाहीं म्हणजे काय? सात वाजून गेले!” ज्यानें जन्मभर तो भेद शिकविला, त्याच माणसास स्वतःच्या घरांत तो ऐकूं आला नाहीं. त्या दिवसापासून पुढील चार महिन्यांत आमच्या हातून जे प्रमाद घडले ते सांगावयास संकोच वाटतो. तथापि सुशिक्षित म्हणविणाऱ्या पुष्कळ कुटुंबांत असेच प्रमाद घडत असावेत अशी आमची समजूत झाली आहे. आणि मनाच्या नेहमींच्या दुखण्यांविषयीं आज जें प्रमाणसिद्ध ज्ञान उपलब्ध आहे तें घरोघर पोंचावें, या हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. सौभाग्यवतींनीं तो वाचून संमति दिली. एवढेंच नव्हे, तर दोन ठिकाणीं दुरुस्तीहि केली.

आम्ही सावंतवाडीस राहतों. मुलें मार्गीं लागलीं आहेत, डोक्यावर कर्ज नाहीं, निवृत्तिवेतन वेळेवर येतें. सौभाग्यवतींचें वय त्या वेळीं साठ. पहाटे अंगणांत रांगोळी, दुपारीं वर्तमानपत्रांतील शब्दकोडें, गुरुवारीं भजनी मंडळांत पेटी वाजविणें, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चाललेला. तो एकेक करून सुटत गेला. आधीं पेटी बंद झाली, मग शब्दकोडें, मग रांगोळी. आमटींत मीठ घालावयाचें राहूं लागलें. पहाटे तीनला जाग येई व मग झोंप लागत नसे. बोलणें कमी होत होत ‘हो’ आणि ‘नाहीं’ यांवर आलें. कारण विचारावें तर त्या म्हणत, “कांहीं कारण नाहीं.” न्यायशास्त्राशीं थोडाफार परिचय असलेल्या आम्हांस कारणावांचून कार्य कसें तें पटेना. कारण सांपडत नाहीं, त्या अर्थीं दुखणेंहि नाहीं, असा निष्कर्ष आम्हीं काढला आणि उपदेशास आरंभ केला.

उपदेश पुष्कळ केला. मन घट्ट करावें, जगांत आपल्याहून दुःखी लोक किती आहेत तें पाहावें, मनुष्यानें कामांत असावें, हें सर्व सांगून झालें. आप्तेष्टांनींहि हातभार लावला. कोणी दृष्ट काढली, कोणी पत्रिका पाहून साडेसाती सांगितली, कोणी ‘सुख टोंचतें’ असें म्हणून मोकळे झाले. सौभाग्यवती सर्वांचें ऐकून घेत. एके दिवशीं तिन्हीसांजेस त्या आपल्याशींच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “माझ्यावांचून कुणाचें कांहीं अडणार नाहीं.” आम्हीं थट्टेनें म्हटलें, “मग आमचा चहा कोण करील?” हें वाक्य आज आम्हांस लिहवत नाहीं; परंतु तें लिहिलेंच पाहिजे. कारण ज्या बोलण्याची थट्टा केली तें बोलणें किती गंभीर होतें, हें आम्हांस पुढें दुसऱ्याच्या समोर कळावयाचें होतें.

उपदेशाच्या त्या भरांत गीतेचा आधार आम्हीं वारंवार घेतला. पुढें शांतपणें पोथी उघडली तेव्हां आढळलें कीं, आम्हांस गीतेंतील दोनच श्लोक आठवले होते. पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. गात्रें गळणें, तोंडास कोरड, अंगाला कंप, हातांतील धनुष्य निसटणें, मन भ्रमणें, इतकीं लक्षणें तेथें एका महावीराच्या तोंडीं आलीं आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं भगवंत त्यास दोन श्लोकांत दोष देतात आणि दुर्बलता टाकून उठावयास सांगतात. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन आपलें दुःख आणखी विस्तारानें सांगता झाला व शेवटीं लढण्यास नकार देऊन गप्प बसला. तो पहिला निषेध कामीं आला नाहीं. त्यानंतर जो संवाद सुरू झाला तो अठराव्या अध्यायापर्यंत चालला. अर्जुनानें शंका विचाराव्या, त्यांचें निरसन व्हावें, आणि अखेर पूर्ण विचार करून काय करावयाचें तें त्याचें त्यानेंच ठरवावें, असा तो क्रम आहे. अर्जुनाचा विषाद हा रोग होता, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आम्हीं ते पहिले दोन श्लोक म्हटले आणि पुस्तक मिटलें.

गुढीपाडव्यास कन्या पुण्याहून आली. सणाच्या दिवशीं दारांत रांगोळी नाहीं हें पाहून ती उंबऱ्यावरच थबकली. आईकडे पाहून तिनें आम्हांस एवढेंच विचारलें, “बाबा, हें किती दिवस चाललें आहे?” चार महिने, असें सांगतांना आमचा आवाज खालीं गेला. त्याच आठवड्यांत तिनें आईस मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलें. आम्हीहि बरोबर गेलों.

डॉक्टरांनीं प्रथम रक्त तपासविलें. हें आम्हांस नवल वाटलें; परंतु गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंद झाली, रक्तांतील हिमोग्लोबिन उतरलें किंवा ब–१२ जीवनसत्त्व कमी पडलें, तरीहि माणूस असाच म्लान व निरुत्साही होतो. म्हणून मनाचें दुखणें ठरविण्यापूर्वीं शरीर पाहून घ्यावें लागतें. अहवाल निर्दोष आले. मग त्यांनीं नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली पुढें ठेवली. जगभर ती वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कशांतहि रस न वाटणें, मन उदास असणें, झोंप बिघडणें, थकवा, भूक कमी किंवा जास्त होणें, स्वतःविषयीं हीनता वाटणें, चित्त एकाग्र न होणें, हालचाल मंदावणें किंवा उलट तळमळ वाढणें, आणि मरणाचे विचार, अशा नऊ गोष्टी. प्रत्येकीस शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढें नीट तपासावें, असा सामान्य संकेत आहे. सौभाग्यवतींचे गुण अठरा भरले. आयुष्यांत पहिल्यांदाच जास्त गुण पाहून आमच्या पोटांत गोळा आला.

नवव्या प्रश्नाशीं डॉक्टर थांबल्या आणि त्यांनीं सरळ विचारलें, “जीव नकोसा वाटतो का? तो संपवावा असें मनांत येतें का?” आम्ही मध्येंच म्हणालों, “अहो, असलें कांहीं त्यांच्या मनांत घालूं नका.” त्यावर त्या शांतपणें म्हणाल्या, “सर, विचारल्यानें हा विचार मनांत शिरत नाहीं. शिरलेला असला, तर त्यास बाहेर यावयास वाट मिळते.” सौभाग्यवतींनीं खालीं पाहून ‘हो’ म्हटलें. चहाची ती थट्टा आम्हांस त्या क्षणीं आठवली. वाचकहो, या लेखांतील दुसरें कांहीं ध्यानांत न राहिलें तरी हें राहूं द्यावें: ज्याच्याविषयीं अशी शंका येते त्यास प्रेमानें व स्पष्ट शब्दांत विचारावें, तो जें सांगेल तें थट्टेवारी न नेतां ऐकावें, त्यास एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं वैद्याची मदत मिळवावी.

या दुखण्यास डॉक्टर नैराश्य म्हणतात. नैराश्य आणि दुःख या दोन गोष्टी वेगळ्या. आप्त निवर्तला, नुकसान झालें, तर दुःख व्हावयाचेंच; त्यांत रडूं येतें, तसें मधूनमधून हंसूंहि येतें, आणि तें लाटेप्रमाणें येतें-जातें. नैराश्यांत दिवसचे दिवस, दोन आठवडे वा अधिक, जवळजवळ सर्व वेळ मन विझलेलें राहतें व रोजचे व्यवहार अडतात. त्यास एकच एक कारण असतें असें नाहीं. आनुवंशिकता, शरीरांतील घडामोडी, लहानपणचे आघात, एकाकीपणा अशा अनेक धाग्यांचा तो गुंता असतो. बेंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें २०१५–१६ मध्यें बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, प्रौढांपैकीं शेंकडा दहांहून कांहींशा अधिक लोकांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार होता. आणि विकारपरत्वें शेंकडा सत्तर ते ब्याण्णव रोग्यांस उपचारच मिळत नव्हते. म्हणजे आमचें घर अपवादभूत नव्हतें, नियमांतलेंच होतें.

डॉक्टरांनीं एक गोळी दिली आणि एका समुपदेशिकाबाईंकडे पाठविलें. ‘समुपदेश’ या शब्दांत उपदेश आहे म्हणून आम्ही कांहींसे सुखावलों. पण त्या कामांत उपदेश जवळजवळ नाहीं, हें तेथें कळलें. या पद्धतीस प्रमाण काय, असा प्रश्न आम्हीं केला. त्यावर बाईंनीं जें उदाहरण दिलें तें आमच्या शेजारच्या गोमंतकांतलें निघालें.

तें उदाहरण असें. संगात ही संस्था गोव्यांत १९९६ साली स्थापन झाली, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकीं एक. मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि रोगी फार, ही आपल्या देशाची अडचण. ती कशी निवारावी म्हणून या मंडळींनीं गांवोगांवच्या साध्या स्त्रीपुरुषांस, ज्यांनीं मानसशास्त्राचें औपचारिक शिक्षण घेतलें नव्हतें अशांस, शिकवून समुपदेशक केलें. त्यांनीं रोग्यास साधारण आठवड्यास एकदां, अर्धापाऊण तास, सहा ते आठ वेळां भेटावयाचें. मग या उपायाची परीक्षा घेतली. गोव्यांतील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे, कोणाच्या आवडीनिवडीवर न सोडतां, त्यांचे दोन गट पाडले. एका गटास आरोग्य केंद्रांतील नेहमींचे उपचार. दुसऱ्यास तेच उपचार आणि शिवाय या भेटी. तीन महिन्यांनीं पाहतां भेटी झालेल्या गटांत शेंकडा ६४ लोक नैराश्यांतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटांत शेंकडा ३९. हा वृत्तांत २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. वर्षानंतर पुन्हा पाहणी केली, तेव्हांहि तो लाभ टिकून असल्याचें दिसलें.

दोन गट कशासाठीं? नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानतात. परंतु प्रत्यक्षहि फसवितें. विशेष उपाय न मिळालेल्या गटांतील त्या शेंकडा ३९ जणांकडे पाहावें. त्यांतील कोणी त्याच सुमारास गंडा बांधला असता, तर गुण गंड्याचा ठरला असता. दुसऱ्या गटाशीं तुलना केली म्हणजेच आपोआप वा अन्य कारणानें येणारा गुण वजा होऊन उपायाचा खरा गुण किती तें कळतें. ‘अमक्याच्या मावशीस अमक्यानें बरें वाटलें’ हें प्रमाण नव्हे. प्रमाणसिद्ध उपचार म्हणजे अशी कसोटी उतरलेला उपचार.

आतां त्या भेटींत होतें काय? नैराश्यांत एक दुष्टचक्र असतें. मन उदास, म्हणून माणूस कामें सोडतो. कामें सुटलीं म्हणजे त्यांतून मिळणारा आनंद, कौतुक व लोकांची संगत हीं सर्व सुटतात. त्यामुळें मन अधिक उदास होतें. मन बरें झालें म्हणजे काम करीन, असें रोगी म्हणतो. परंतु मनास हुकूम करतां येत नाहीं, हातास थोडासा करतां येतो. म्हणून हें चक्र हातापासून उलटें फिरवावयाचें: आधीं अगदीं लहानशी कृति, मनाच्या लहरीवर न ठेवतां ठरलेल्या वेळीं, मनःस्थिति मागाहून हळूहळू येते. अमेरिकेंत पीटर लेविन्सोन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हा विचार मांडला. १९९६ साली नील जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिॲटल येथें रोग्यांचे गट पाडून पाहिलें, तेव्हां केवळ कृतीवर भर देणारा हा भाग विचार व कृति या दोहोंवरील संपूर्ण उपचाराइतकाच गुणकारी दिसला.

हें ऐकून आम्हांस वाटलें, “कामांत असावें असें तर आम्हीहि सांगत होतों!” आम्हीं उत्साहानें घरीं येऊन वेळापत्रक आंखलें. पहाटे साडेपांचपासून रात्रीं नऊपर्यंत प्राणायाम, स्तोत्रें, फिरणें, वाचन, पेटी, शिवण. मधली सुटीसुद्धां होती. पुढच्या खेपेस बाईंनीं तें पाहिलें व हंसून म्हणाल्या, “सर, हें तुमच्यासाठीं फार छान आहे.” मग त्यांनीं कागद सौभाग्यवतींपुढें ठेवला आणि विचारलें, “काकू, पूर्वीं तुम्हांला काय करायला बरें वाटायचें? त्यांतलें सर्वांत लहान असें काय जमेल?” पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. आम्हांस तोंड बंद ठेवणें फार जड गेलें. शेवटीं त्या म्हणाल्या, “तुळशीला पाणी. आणि चार ठिपक्यांची रांगोळी.” बाकीचें सर्व खोडलें गेलें. आमच्याकडे काम आलें तें असें: सकाळीं साडेसातला त्यांच्याबरोबर अंगणांत जावयाचें, सूचना करावयाची नाहीं, एखादे दिवशीं राहिलें तर कारण विचारावयाचें नाहीं, आणि वहींत एवढेंच लिहावयाचें कीं काय केलें व केल्यावर मनास दहापैकीं किती बरें वाटलें.

पहिल्या आठवड्यांत वहींत दोन, एक, दोन, शून्य असे आंकडे आहेत. दोन दिवस कोरे आहेत. तिसऱ्या आठवड्यांत एकदां चार दिसतात. त्या दिवशीं शेजारच्या मुलीनें रांगोळींत रंग भरला होता. अशा नोंदींनीं एक गोष्ट रोग्यासच दिसूं लागते: ‘मला नेहमींच सारखें वाईट वाटतें’ हें खरें नसून कांहीं कृतींनंतर, कांहीं माणसांजवळ, भार किंचित् हलका होतो. मग ती कृति वाढवावयाची. आमच्या उपदेशांत आणि या उपचारांत शब्द सारखेच होते. भेद मापाचा होता आणि सोबतीचा होता. आम्ही पलंगाशेजारीं उभे राहून ‘चाला’ म्हणत होतों. बाईंनीं एकच पायरी दाखविली व आम्हांस बरोबर चालावयास लाविलें.

विचारांचा भाग पुढें आला. फिलाडेल्फिया येथील मनोवैद्य आरन बेक (१९२१–२०२१) यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, निराश माणसाच्या मनांत स्वतःविषयीं, जगाविषयीं व भविष्याविषयीं काळे विचार आपोआप उठतात आणि तो त्यांस वस्तुस्थितीच मानतो. त्यांवर ‘चांगले विचार करा’ हा उपाय नव्हे. विचार कागदावर लिहावा, त्याच्या बाजूचा व विरुद्ध बाजूचा पुरावा मांडावा, आणि मग निर्णय करावा. ‘मी सर्वांवर ओझें आहें’ हें सौभाग्यवतींचें वाक्य वहींत आहे. विरुद्ध बाजूस त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे: ‘कन्या रोज फोन करते. मंडळांतल्या बायका दोनदां येऊन गेल्या.’ खालीं निष्कर्ष: ‘मी ओझें आहें असें मला वाटतें.’ एका ‘वाटतें’ या क्रियापदानें किती अंतर पडलें तें व्याकरण जाणणाऱ्यांस सांगणें नको.

औषधांविषयीं थोडें. सौम्य नैराश्यांत बहुधा गोळ्यांनीं आरंभ करीत नाहींत. तीव्र असल्यास त्या देतात, व सोबत समुपदेशनहि चालतें. या गोळ्यांचा गुण त्याच दिवशीं येत नाहीं. दोन ते सहा आठवडे लागतात. आरंभीं मळमळ, अस्वस्थता असे त्रास होऊं शकतात. ते डॉक्टरांस सांगावे. बरें वाटल्यावरहि साधारणतः सहा महिने तरी औषध चालूं ठेवतात, आणि थांबवितांना एकदम न थांबवितां हळूहळू कमी करतात. झोंपेच्या कांहीं गोळ्यांची चटक लागते तशी या गोळ्यांची लागत नाहीं. आमच्या एका आप्तांनीं दुसऱ्याच महिन्यांत ‘आतां बंद करा’ असा सल्ला दिला होता. तो मानला नाहीं, हें चांगलें झालें.

नैराश्याखेरीज आणखी तीन दुखणीं घरोघर दिसतात. त्यांतहि मनास हुकूम न करतां आचरणापासून आरंभ करावा, हेंच सूत्र लागू पडतें.

पहिलें, भय व चिंता. कोणास एकाएकीं छातींत धडधड, घाम, श्वास कोंडणें असा झटका येतो व आतां मरण आलें असें वाटतें. प्रथम खेपेस हृदय तपासून घेणें अवश्य. तें निर्दोष ठरल्यावर हें जाणावें कीं, हा शरीराचा धोक्याचा घंटानाद विनाकारण वाजला आहे. तो कांहीं मिनिटांत शिखरास पोंचून आपोआप ओसरतो. परंतु माणूस भीतीनें बाजारास जाणें सोडतो, मग देवळास, मग अंगणांत. आणि प्रत्येक टाळाटाळीनें भीति बळावते. म्हणून पायरीपायरीनें त्याच ठिकाणीं जावयाचें, व भीति ओसरेपर्यंत तेथें थांबावयाचें.

दुसरें, मंत्रचळ. आपल्या घरांत यास सोंवळ्याचें पांघरूण मिळतें, म्हणून तो पुष्कळ वर्षें ओळखू येत नाहीं. भेद सोपा आहे. सोंवळें हा नियम आहे आणि नियमास शेवट असतो; स्नान झालें, पूजा झाली, संपलें. मंत्रचळास शेवट नसतो. हात चाळीसदां धुवूनहि ते धुतले गेले असें वाटत नाहीं, कडी दहादां पाहूनहि ती लागली अशी खात्री पटत नाहीं. आणि हें निरर्थक आहे हें बहुधा करणाऱ्यासच कळत असतें. त्यास हंसूं नये, आणि त्याच्या समाधानासाठीं घरच्यांनींहि पुनःपुन्हां धुणें-पाहणें करूं नये. शंकेस सामोरें जावयाचें पण धुवावयाचें नाहीं, अशी क्रमाक्रमानें संवय लावण्याचा उपचार व्हिक्टर मायर यांनीं लंडन येथें १९६६ साली मांडला. आज तो या विकारावरील प्रमुख उपचारांपैकीं एक आहे. तो जाणत्याच्या देखरेखीखालीं करावा. यासहि औषधें आहेत.

तिसरें, निद्रानाश. झोंप येत नाहीं म्हणून माणूस लवकर आडवा होतो, उशिरां उठतो व दुपारीं भरपाई करतो. तेणेंकरून रात्रीची झोंप आणखी विरळ होते. उपाय उलटा आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. झोंप येईल तेव्हांच अंथरुणावर जावें. वीसेक मिनिटें तळमळत गेलीं तर उठून मंद उजेडांत बसावें. दुपारचें निजणें सोडावें. अमेरिकेंतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेनें २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधीं हीच शिस्त सुचविली.

शेवटीं घरच्या मंडळींसाठीं. मनाचें दुखणें हें पाप नव्हे, दुबळेपणा नव्हे, आणि संस्कारांची उणीवहि नव्हे. मुलामुलींच्या लग्नांत अडथळा येईल म्हणून तें लपविणें म्हणजे पाय मोडलेल्यास चालावयास लावण्यासारखें आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें उपचार मिळणें हा नागरिकाचा हक्क मानला आहे. आणि ज्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखालीं होता असें धरून चालावें, त्यास शिक्षा करूं नये, असेंहि त्यांत म्हटलें आहे. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू केली; १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक पंचांगाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आम्हीं लिहिला आहे.

आमच्या घरची हकीकत पुरी करतों. गुण आला तो सरळ रेषेंत आला नाहीं. श्रावणांत चांगलें वाटलें, भाद्रपदांत पुन्हा आठ दिवस अंथरूण धरलें. पण आतां काय करावयाचें तें ठाऊक होतें. दुसऱ्या वर्षीं डॉक्टरांनीं गोळी हळूहळू कमी करून थांबविली. पेटी दिवाळीनंतर उघडली. भात्यांत कसर लागली होती, ती दुरुस्त करून आणावी लागली. भजनी मंडळांत त्या आतां महिन्यांतून दोनदां जातात, पूर्वींइतक्या नाहीं. पुन्हा होणारच नाहीं अशी हमी कोणी दिलेली नाहीं, आणि आम्हीहि मागत नाहीं.

गेल्या आठवड्यांत पहाटे आम्हांसच कणकण वाटत होती. सौभाग्यवती उशाशीं येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं विचारलें, “आज उठवतंय का?” इतक्या वर्षांत तें क्रियापद इतकें बिनचूक आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें.